खंडेनवमीची मोटार

आमच्या घरी मोटार आली ती बैलांनी ओढून आणलेली. आत चाक धरून भाईकाका ऐटीत बसलेला, पुढे दोराला जुंपलेली शेजारची बैलजोडी आणि मागे अर्धी आळी. भाईकाका मधूनच रबराचा भोंगा दाबायचा, बैल बुजून कुंपणात शिरायचे आणि बैलांचा धनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. भाईकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो गावातल्या एका डॉक्टरांची मोटार चालवायचा. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्यांनी त्याला जवळजवळ फुकटातच देऊन टाकली, कारण ती जागची हलत नव्हती. खाऱ्या हवेनं तिचा पत्रा खाऊन टाकला होता. दारावर बोट दाबलं तर आरपार जाईल अशी भीती वाटायची. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते ओटीवरून खाली न उतरताच म्हणाले, "मोटार कसली ही, तिरडी आहे!" सगळे हसले. मीही हसले. पुढे त्या हसण्याची मला फार लाज वाटत राहिली, पण त्या दिवशी ते खरोखरच हसण्यासारखं होतं.

भाईकाकाचा बेत सरळ होता. पावसाळ्यात बोटी बंद असत. त्या पुन्हा सुरू झाल्या की मुंबईहून चाकरमानी उतरणार, त्यांच्या ट्रंका, गाठोडी, कडेवरची पोरं. त्यांना बंदरावरून गावात आणि गावातून पुढे पाली-लांज्यापर्यंत पोचवायचं. म्हणजे पावसाळ्याचे महिने हातात होते, पैसे मात्र नव्हते. पैसे नसणं ही आमच्या घरात नवी गोष्ट नव्हती. नाना कचेरीत कारकून होते, एवढं सांगितलं की पुरे. पण पैशांऐवजी घरात दत्तूमामा होता. हा आईचा पाठचा भाऊ. मुंबईत मोटारींच्या एका कारखान्यात फिटर होता. तो कारखाना बंद पडला आणि मामा पत्र्याची पेटी घेऊन बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. बहिणीच्या घरी राहणारा भाऊ कसा असतो ते मी तेव्हा पाहिलं. तो सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायचा, भात दुसऱ्यांदा कधी मागायचा नाही, आणि नाना ओटीवर आले की तो मागल्या दारी जायचा. मोटार आली आणि हा माणूस पाठ ताठ करून चालू लागला. नानांच्या समोर उभा राहून तो म्हणाला, "भाऊजी, दसऱ्याला ही आपल्या पायानं चालेल."

मोटार गोठ्यात गेली. आमच्याकडे तेव्हा एकच म्हैस होती, तिला एका कडेला बांधलं आणि उरलेल्या जागेत मामानं जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी उचलून ठेवली. चाकं निघाली, दारं निघाली, इंजिनचं पोट उघडलं. आषाढ-श्रावणभर बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि गोठ्यात ठाकठूक, ठाकठूक. म्हैस पहिले काही दिवस दूध चोरायची, मग तिलाही त्या आवाजाची सवय झाली, इतकी की मामा जेवायला उठला की ती हंबरायची. गंजून बसलेला एकेक स्क्रू मामा रॉकेलात भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याची समजूत काढत असल्यासारखा त्याच्याशी बोलायचा. "चल रे बाबा, किती हट्ट करशील?" टायरात घालायला ट्यूब नव्हती, म्हणून त्यात काथ्या आणि सुकं गवत ठासून भरलं. टप, म्हणजे गाडीचं कापडी छत, फाटला होता, तो बंदरावरच्या शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं शिडाच्या जुन्या कापडातून शिवून दिला. पाण्याच्या टाकीला बारीक भोकं होती. मामानं आईकडून ओंजळभर नाचणीचं पीठ मागून घेतलं आणि टाकीत ओतलं. भोकं बुजली, पण इंजिन तापलं की गोठ्यात आंबील शिजल्याचा वास सुटायचा. भाईकाका म्हणायचा, "वहिनी, मीठ घाला, मोटार उतरवून घेऊ!"

हे सगळं लिहिताना मला बरं वाटतंय, म्हणून मी मुद्दाम हळू लिहिते आहे. माझी नात म्हणते, आजी, तुझ्या गोष्टीत लोक नुसते खातात आणि वस्तू दुरुस्त करतात. करत होतो बाई. त्या पावसाळ्यात आमच्या घरात जेवढं हसू होतं तेवढं नंतर कधी नव्हतं. कामावरून उठून मामा आणि भाईकाका ओल्या पायांनी चुलीपाशी यायचे, आई त्यांच्या पुढ्यात उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेलं सुकट ठेवायची, नाहीतर निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. भाईकाका आठळ्या सोलून माझ्या हातावर ठेवायचा आणि मी खायला गेले की सालं माझ्या परकरात टाकायचा. तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. लग्न ठरत नव्हतं, कारण नोकरी दुसऱ्याच्या चाकावरची. मोटार चालू झाली की बघायला जायचं, असं आईनं त्याच्यासाठी एक स्थळही मनात धरलं होतं. भोंगा तेवढा पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. गाडीला चाकं नव्हती तेव्हाही भाईकाका येता-जाता तो दोनदा दाबायचा. पों, पों. आमच्या घराखाली उतरणाऱ्या घाटीच्या वळणावर तो डॉक्टरांच्या गाडीचाही भोंगा असाच दोनदा वाजवायचा, मग आई चहाचं आधण ठेवायची. तो आवाज मी अजून ऐकते. मोटारींचे भोंगे आता वेगळे झाले, रबराचा गोळा कुणी पाहिलेलाही नाही, तरी ऐकते. सकाळची कामं आटपून मी तांदूळ निवडायला बसते आणि मान वर करते. सून विचारते, "कुणी आलं का?" मी म्हणते, कुणी नाही.

आता बिरेकबद्दल सांगायला हवं. मामा ब्रेकला बिरेकच म्हणायचा. मागच्या दोन चाकांना आतून लोखंडी डबे होते. पाय दाबला की डब्याच्या आत एक पट्टा फाकायचा आणि डब्याला घासून चाक थांबवायचा. हाताचा दांडाही त्याच डब्यांवर चालायचा. जुने पट्टे झिजून कागदासारखे झाले होते आणि नवे मुंबईहून मागवणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मामानं भाताच्या गिरणीचा एक तुटका, जाड विणीचा पट्टा मिळवला, तो कापून, तांब्याचे खिळे ठोकून बसवला. आणि चाकाच्या आसातलं तेल झिरपून त्या पट्ट्यावर येऊ नये म्हणून जुन्या घोंगडीच्या गोल चकत्या कापून, दाबून मध्ये घातल्या. बिरेकच्या पट्ट्याला तेल लागलं की तो घासत नाही, घसरतो. हे मोटारीच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही, आणि मला सगळं येतं अशा तोऱ्यात असल्यामुळे मीही कधी विचारलं नाही. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

मला जे शिकवलं गेलं होतं ते याच्या अगदी उलट होतं. आमच्या बाजूला पावसाळ्यात लोखंड दोन दिवस कोरडं राहिलं तर त्यावर तांबूस लव येते. कोयती, विळी, खोरं, कड्याकोयंडे, कुलपं, सगळ्याला तेलाचं बोट फिरवायचं हे पोरीचं काम. एकदा मी विळीला तेल लावायला विसरले तेव्हा आईनं ती गंजलेली विळी माझ्या पानाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "ही अशीच राहणार असेल तर तूही कोरडा भात खा." ते मला इतकं लागलं की त्यानंतर घरातलं कुठलंही लोखंड मी कोरडं दिसू दिलं नाही. मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्यांनाही मी न सांगता तेल घालत असे आणि मामा आईला म्हणायचा, "हिच्यासारखं पोर कारखान्यात असतं तर कारखाना बंद पडला नसता गो आक्का." मी फुगून जायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मामाची अर्धी हत्यारं मागून आणलेली होती. मोठा पाना गिरणीवाल्याचा, घण लोहाराचा, कानस होड्या बांधणाऱ्या सुताराची. मागून आणलेलं हत्यार नवमीला धन्याच्या पाटावर हवं. त्यामुळे अष्टमीला संध्याकाळी मागची दोन्ही चाकं चढवायची राहिलेली असताना मामाला हातातलं काम तिथंच टाकावं लागलं. डबे उतरवून त्यानं पोत्यावर पालथे ठेवले, पट्टे जागच्या जागी उघडे राहिले, आणि नवमीला सकाळी तो एकेक हत्यार पोचवायला निघाला. प्रत्येक घरी प्रसाद, प्रत्येक घरी बस जरा. तो दिवेलागणीलाच परतला. भाईकाका डॉक्टरांकडे त्यांच्या नव्या मोटारीला हार घालायला गेला होता. नाना म्हणाले, "मोटारीची पूजा मुलीनं केली तरी चालेल. सगळं नीट पूज गो, काही राहू देऊ नको."

मी काही राहू दिलं नाही. उरलेली हत्यारं धुतली, पुसली, पाटावर मांडली. मग गाडी धुतली. मग पोत्यावरचे डबे उलटे करून पाहिले तर आतल्या बाजूला, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर, एका रात्रीत तांबूस लव आलेली. मला मामाची कीव आली. एवढं घासलं आणि दमट हवेनं त्याची ही गत केली! मी देवघरातली खोबरेलाची वाटी आणली. दोन्ही डबे आतून चोळून चोळून स्वच्छ केले, गंज निघाला. मग पट्टे. ते कोरडे ठणठणीत दिसत होते, त्यांच्यातले तांब्याचे खिळे काळवंडले होते. मी पट्ट्यांवर तेलाचा हात फिरवला. ते तेल प्यायले. मी आणखी लावलं. ते पुन्हा प्यायले. तहानलेल्या जनावराला पाणी पाजल्याचं समाधान मला वाटलं. शेवटी हळदकुंकू चिकटावं म्हणून वरचं तेल फडक्यानं निपटून पुसलं, बोटं उमटवली, झेंडूची फुलं ठेवली. आई घारगे तळत होती, तिला मी हाक मारून दाखवलं. ती झारा हातात घेऊनच दारात आली आणि म्हणाली, "शहाणी माझी बाय ती!"

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली आणि मामा पुन्हा गिरणीवाल्याकडे पाना आणायला धावला. नानांनी पंचांग बघून वेळ काढली होती. त्या वेळेला मोटारीनं गावाची शीव ओलांडायची. मोटारीला तिरडी म्हणणारे तेच नाना आता नवं धोतर नेसून अंगणात येरझारा घालत होते. मामा घाम पुसत आला, पट्ट्यांवरची फुलं काढली, हळदकुंकू फडक्यानं झटकलं, डबे चढवले, चाकं चढवली. पुढून लोखंडी कांडी फिरवून इंजिन सुरू झालं तेव्हा आळीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. भाईकाकानं अंगणात गाडी दहा हात पुढे नेली, पाय दाबला, गाडी थांबली. अंगण आमचं सपाट होतं.

मामा म्हणाला, "भाई, आज घाटीत नको. पट्टा अजून अंग धरायचा हाय. चार दिवस सपाटीवर फिरव, मग उतर."

"अरे पण शीव खाली आहे, दत्तू," नाना म्हणाले. "सपाटीवर कुठली शीव आणू?"

भाईकाका हसला. "मी काय आज चालवतोय होय? हळूच नेतो, पहिल्या गिअरात. वहिनी, परत येईस्तोवर चहा ठेवा."

तो एकटाच गेला. पहिली फेरी त्याची, मग सगळ्यांना बसवायचं असं ठरलं होतं. मी ओवाळणीचं तबक घेऊन कुंपणाच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभी होते. गाडी घाटीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली, आणि पों, पों, असे दोन भोंगे झाले. आई आत आधण ठेवायला वळली. मग तिसरा झाला. मग भोंगा थांबेचना. रबराचा तो गोळा एका दाबात एकदाच वाजतो, त्यामुळे तो आवाज एकसारखा नव्हता, कुणी हुंदक्यांवर हुंदके द्यावेत तसा तो घाटी उतरत खाली खाली गेला. मामा विहिरीवर हात धूत होता. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. तो साबणाच्या हातांनीच धावत सुटला. खालच्या वळणावर सोनं लुटायला निघालेली माणसं होती, कडेवर पोरं होती. भोंगा ऐकून ती बाजूला झाली म्हणून वाचली. गिअर सुटला होता, बिरेक लागत नव्हता, आणि वळणापुढे गडगा होता, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत. भाईकाकाला त्यांनी दाराच्या फळीवर घालून वर आणलं. तो दुपारपर्यंत होता. बोलला नाही.

त्याला घेऊन गेल्यावर मामा गेला तो वळणावर, आणि मोडक्या गाडीचं चाक उतरवून बसला. दिवस कलताना तो अंगणात आला. लोक ओटीवर बसलेले होते. त्यानं सगळ्यांच्या समोर हात पुढे केला, दोन बोटं तेलानं चमकत होती. तो म्हणाला, "भाऊजी, पट्ट्यावर तेल आलं होतं. माझी चकती धरली नाय." कुणी विचारलं नव्हतं. तो स्वतःहून बोलला. नाना उठले. मला वाटलं ते त्याला मारतील. पण ते एवढंच म्हणाले, "माझा भाऊ तू मारलास. आता या घरात पाणी पिऊ नकोस." घाटीत आजच उतरायचं हा हट्ट कुणाचा होता हे ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, नानांना तर सगळ्यांत जास्त. म्हणूनच ते इतकं मोठ्यानं बोलले असावेत, असं आता वाटतं.

तेल हा शब्द ऐकला आणि मी मागल्या दाराकडे धावले. आई मागल्या दारी विहिरीवर एकटीच उभी होती, पोहरा सोडलेला, पण ओढत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आई, ते तेल मी लावलं. पूजेला. आत, पट्ट्यांना." मग तिनं आधी पोहरा वर ओढला, कठड्यावर ठेवला, आणि ओल्या हातानं माझं तोंड दाबलं.

"कुणाला बोललीस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग आता बोलायचं पण नाही. कधीच नाही."

"पण मामाला नाना..."

"दत्तू पुरुष आहे. कुठंही जाईल, चार घास मिळवील. तुझ्या कपाळी हे लागलं तर तुला कोण दारात उभं करील? चुलत्याला खाल्लेली पोर म्हणतील तुला." हे बोलताना ती रडत नव्हती. मामा तेव्हा पडवीत पेटी भरत होता, आणि त्याच्या पेटीचं कुलूप लागल्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू आला. आई त्याच्या पाठीमागून गेली नाही. तो तिचा पाठचा भाऊ होता, तिनं त्याला कडेवर खेळवलेलं होतं. मला वाचवायला तिनं त्याला दिलं, आणि आमच्या दोघींच्यात पुन्हा मोकळेपणानं बोलणं असं राहिलंच नाही. ती मला वेणी घालायची तेव्हासुद्धा आम्ही गप्प असायचो.

सुतकाच्या दिवसांत शेजारणी भात-पिठलं आणून ठेवत. सकाळी दहाचा सुमार, गाडी घाटीत उतरली ती वेळ झाली की भोंगा ऐकू येतो असं पलीकडची काकू म्हणू लागली. मग आणखी दोघींना ऐकू आला. नाना त्यांच्यावर ओरडले, पण त्या वेळेला तेही बेड्यापाशी जाऊन घाटीच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. गावात बोलवा झाली की मोटार बाधलेली होती, डॉक्टरांकडेही तिच्यात कुणी रोगी गेला होता. दत्तूमामाच्या हाताला यश नाही, असंही झालं. मी सगळं ऐकत होते आणि मला भुताची भीती वाटत नव्हती. भूत असतंच तर ते भाईकाकाचं असणार आणि त्यानं येऊन खरं सांगून टाकलं तर माझी सुटका होईल, असं मला वाटायचं. रोज दहा वाजता मी त्याची वाट बघत असे. तो कधीच आला नाही, नुसता आवाज यायचा.

त्यानंतर मी केसांना खोबरेल लावलं नाही. कोकणातली बाई खोबरेलाशिवाय कशी जगली ते माझ्या सासरच्यांना कोडंच होतं. डोकं दुखतं, असं सांगून मी भागवलं. नवमीला नातू त्याच्या स्कूटरला हार घालतो आणि मला हळदकुंकू लावायला बोलावतो. मी लांबूनच हात जोडते. त्यांना वाटतं, आजी थकली.

माझं लग्न झालं ते सावर्ड्याला. मालकांचं बाजारात कापडाचं दुकान, माणूस सरळ, आवाज चढवून बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिली मुलगी तीन महिन्यांची असताना एका दुपारी मामा ओटीवर आला. सात-आठ वर्षांनी मी त्याला पाहत होते. तो माझ्या आजोळी, नाटे गावात राहत होता, तिथल्या वखारीत गोण्या उचलायचं काम करत होता. मोटारीच्या जवळ तो पुन्हा गेला नव्हता. लोक बोलावत, पण तो पान्याला हात लावत नसे. मी पाणी दिलं, चहा केला. त्यानं मुलीला बघितलं, कुणासारखी आहे वगैरे बोलला. मालक आत वामकुक्षीला आडवे झाले होते.

मग तो म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं गो बाय. म्हणून आलो. खाडीत लाँच सुरू होतंय. त्यांना इंजिनवर माणूस हवा. मला म्हणतात, ये. उद्या कळवायचं हाय." त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "परवा ते इंजिन बगायला म्हणून गेलो. हात तेलात गेला. आणि माझ्या ध्यानात आलं, आसाचं तेल काळं असतं, काकवीसारखं जाड. त्या दिवशी माझ्या बोटाला होतं ते पातळ होतं. पाण्यासारखं साफ. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, मी काय बगितलं ते मलाच कळलं नाय."

मी मुलीला उगीचच दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"नवमीला मोटारीची पूजा तू केलीस," तो म्हणाला. "आत पट्ट्याला तेल लावलंस काय गो? मी रागावणार नाय. कुणाला सांगायचा पण नाय, आक्काची शपथ. लाँचवर पन्नास माणसं बसणार. माझी चकती धरली होती का नाय, एवढंच मला कळू दे."

तो विनवत होता. त्याच्या आवाजात आशा होती, ती मला स्पष्ट ऐकू येत होती. मालकांना कळलं असतं तरी त्यांनी मला घराबाहेर काढलं नसतं, हेही मला माहीत होतं. आईचा हात माझ्या तोंडावर नव्हता. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तरी इतकी वर्षं आतल्या आत घोकलेला शब्द माझ्या आधी माझ्या तोंडातून बाहेर पडला.

"नाही मामा," मी म्हटलं. "मी नुसतं वरून हळदकुंकू लावलं."

"बरं," तो म्हणाला. "मग माझंच."

त्यानं उरलेला चहा संपवला, पेला विसळून पालथा ठेवला, छत्री घेतली. परतीची मोटार किती वाजता सुटते ते मला विचारलं आणि मी सांगितलं. तो पायऱ्या उतरून गेला तेव्हा आतून मालकांनी विचारलं, "कोण आलं होतं?"

"मामा," मी म्हटलं.

"काय म्हणत होते?"

"काही नाही, असेच आले होते."

दुसऱ्या दिवशी मामानं लाँचवाल्यांना नाही म्हणून कळवलं आणि तो वखारीत कामावर गेला.